रेखांशाचें बक्षीस व जॉन हॅरिसन

जॉन हॅरिसन यानें समुद्रावर चालणारें घड्याळ करून ब्रिटिश पार्लमेंटचें २०,००० पौंडांचें बक्षीस मिळविलें, असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. मूळ कायदे व दिलेल्या रकमा ताडून पाहतां हें विधान जसेंच्या तसें ग्राह्य धरतां येत नाहीं.

इ. स. १७१४ च्या कायद्यानें गलबताचा रेखांश ठरविण्याच्या रीतीस तीन बक्षिसें लाविलीं होतीं. चूक एक अंशाच्या आंत असल्यास १०,००० पौंड, दोन तृतीयांश अंशाच्या आंत १५,००० व अर्ध्या अंशाच्या आंत २०,०००. अर्धा अंश म्हणजे घड्याळाचीं दोन मिनिटें. परीक्षा वेस्ट इंडीजच्या सफरींत व्हावयाची होती. मात्र रीत व्यवहार्य व उपयुक्त ठरली पाहिजे, अशीही अट होती. पुढील सारा वाद त्या अटींतून निघाला.

हॅरिसन व्यवसायानें मूळचा सुतार. त्याचें चौथें घड्याळ १७५९ मध्यें पुरें झालें. १७६४ च्या बार्बेडोसच्या सफरींत सुमारें सात आठवड्यांत त्याची चूक ३९ सेकंदांची भरली. तरीही रेखांशमंडळानें पूर्ण बक्षीस दिलें नाहीं. १७६५ मध्यें नवा कायदा होऊन, यंत्राची रचना उघड केल्यावर अर्धी रक्कम व तशींच दुसरीं घड्याळें झाल्यावर उरलेली, असें ठरलें. मंडळांतील राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलिन हा चंद्रावरून रेखांश काढण्याच्या प्रतिस्पर्धी रीतीचा पुरस्कर्ता होता, हें विसरतां येत नाहीं. परंतु एकाच कारागिरास साधणारें यंत्र सर्व आरमारास काय उपयोगाचें, हा मंडळाचा प्रश्नही आम्हांस अगदींच गैरवाजवी वाटत नाहीं. त्याचें उत्तर केंडॉलनें केलेल्या नकलेनें दिलें. कॅप्टन कुकच्या १७७२–७५ च्या सफरींत ती उत्तम चालली.

हॅरिसनला १७६५ मध्यें पूर्वीची उचल धरून १०,००० पौंड मिळाले. पुढें राजा तिसरा जॉर्ज यानें १७७२ मध्यें त्याचें पांचवें घड्याळ तपासविलें, व १७७३ मध्यें पार्लमेंटनें ८,७५० पौंड मंजूर केले. तेव्हां तो ऐंशीं वर्षांचा होता. १७७६ मध्यें तो वारला. कामासाठीं वेळोवेळीं दिलेले पैसे मिळवितां एकूण बेरीज २०,००० च्या वर जाते, आणि प्रचलित समजाचा उगम बहुधा येथेंच असावा. परंतु १७१४ च्या कायद्यान्वयें मोठें बक्षीस हॅरिसनला वा दुसऱ्या कोणासही कधींच दिलें गेलें नाहीं.

मंडळाचें दप्तर केंब्रिज विश्वविद्यालयाच्या ग्रंथालयांत आहे. आपल्याकडील इनामाच्या सनदा तपासतांना जी दक्षता आपण घेतों, तीच येथेंही अवश्य आहे: रक्कम कोणी, कोणत्या कलमानें दिली व ती हातीं केव्हां पडली, हें पाहिल्यावांचून सन्मानाचें नांव लिहूं नये.