गुन्ह्यांचे दूरचित्रवाणीवरील नाट्यरूपांतर आणि व्यक्तीचा हक्क : लेबाख प्रकरणाच्या संदर्भात

प्रस्तावना :
प्रत्यक्ष घडलेल्या गुन्ह्याचे नाट्यरूपांतर दाखवून प्रेक्षकांकडून माहिती मागविण्याची परंपरा पश्चिम जर्मनीत दृढ झाली. झेडडीएफ या सार्वजनिक वाहिनीवर एडुआर्ड त्सिमरमान यांनी १९६४ पासून फसवणुकीविषयी नागरिकांना सावध करणारा कार्यक्रम चालविला. त्यानंतर २० ऑक्टोबर १९६७ रोजी त्यांनी 'आक्टेनत्साइखेन एक्सवाय' हा अनुत्तरित गुन्ह्यांवरील कार्यक्रम सुरू केला. बीबीसीचा 'क्राइमवॉच' (१९८४-२०१७) याच धर्तीवर निर्माण झाला. या कार्यक्रमांची उपयुक्तता सर्वमान्य असली, तरी त्यांची मर्यादा कोणती, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

लेबाख प्रकरण :
जानेवारी १९६९ मध्ये लेबाख येथील लष्करी दारूगोळा कोठारावर हल्ला होऊन चार सैनिक ठार झाले. तपासकाळात 'आक्टेनत्साइखेन एक्सवाय'ने हे प्रकरण प्रेक्षकांसमोर मांडले व त्यातून तपासास साहाय्य झाले. १९७० मध्ये दोघा मुख्य आरोपींना जन्मठेप, तर साहाय्य करणाऱ्या तिसऱ्यास सहा वर्षांची शिक्षा झाली. पुढे याच वाहिनीने या घटनेवर माहितीनाट्य प्रक्षेपित करण्याचे ठरविले. त्यात आरोपींची नावे व छायाचित्रे येणार होती. तिसरा आरोपी सुटकेच्या उंबरठ्यावर असल्याने त्याने न्यायालयात दाद मागितली.

५ जून १९७३ रोजी संघीय घटना न्यायालयाने प्रक्षेपणास मनाई केली. गुन्हा ताजा असताना समाजाचा माहितीचा हक्क सामान्यतः वरचढ ठरतो. मात्र काळ लोटल्यावर गुन्हेगाराच्या समाजातील पुनर्वसनास बाधा आणणारे चित्रण समर्थनीय ठरत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. १९९९ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने दुसऱ्या वाहिनीच्या चित्रपटास अनुकूल निर्णय दिला. कारण त्यात नावे बदललेली होती व आरोपींची ओळख पटत नव्हती. दोन्ही निर्णयांत विरोध नसून, गुन्ह्याचा इतिहास आणि गुन्हेगाराची ओळख यांत केलेला भेद दिसतो.

भारतीय संदर्भ :
सर्वोच्च न्यायालयाने आर. राजगोपाल खटल्यात (१९९४) एकांताचा हक्क मान्य केला. मात्र सार्वजनिक अभिलेखावर आधारित प्रसिद्धीस त्यातून वगळले. लैंगिक अत्याचारपीडित स्त्रीचे नाव प्रसिद्ध होऊ नये, हा त्यास अपवाद सांगितला. सोनी वाहिनीवर २००३ मध्ये सुरू झालेल्या 'क्राइम पेट्रोल'सारख्या कार्यक्रमांचा विचार या चौकटीत करावा लागतो. फरारी आरोपीचा शोध हा जर्मन कार्यक्रमाचा मूळ हेतू होता. सुटलेल्या प्रकरणाच्या नाट्यात मात्र तपासाची निकड उरत नाही, केवळ सावधगिरीचा उपदेश उरतो.

निष्कर्ष :
सार्वजनिक सुरक्षितता हे अशा कार्यक्रमांचे समर्थन तपास चालू असेपर्यंत सबळ असते. शिक्षा भोगून परतणाऱ्या माणसास व पीडितांच्या कुटुंबास ते आपोआप लागू होत नाही. सावधगिरीचा धडा नाव न घेताही देता येतो, हेच लेबाख प्रकरणाचे ऐतिहासिक महत्त्व होय.