सामायिक साठ्याकडून बहुमताकडे

एखादे यंत्र बंद पडले तरी संग्रह उपलब्ध राहावा, हा वितरित फाइल प्रणालीचा मूळ हेतू होय. तथापि या प्रणालींच्या इतिहासात एक विसंगती काही काळ टिकून राहिली. तिचे निरसन कसे झाले, हे प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

घेमावत, गोबिऑफ व लेउंग यांनी २००३ साली गूगलच्या फाइल प्रणालीचे विवेचन प्रसिद्ध केले. त्याच धर्तीवर, २००६ साली स्वतंत्र प्रकल्प झालेल्या हडूपची फाइल प्रणाली उभी राहिली. तीत माहितीच्या खंडांच्या सामान्यतः तीन प्रती निरनिराळ्या यंत्रांवर ठेवल्या जात. परंतु कोणत्या फाइलचे खंड कोणते व ते कोठे आहेत, याचे ज्ञान एकट्या नेमनोडपाशी असे. तो बंद पडला की शाबूत असलेली माहितीही दुर्लभ होई. ‘दुय्यम नेमनोड’ हा त्याचा पर्याय नव्हता. बदलांची नोंदवही मूळ आराखड्यात वेळोवेळी मिळवून घेणे, एवढेच त्याचे कार्य होते.

२०१२ सालच्या हडूप २ च्या पहिल्या अल्फा आवृत्तीत यावर उपाय योजला गेला. सक्रिय नेमनोडने नोंदवही एनएफएसवरील सामायिक साठ्यात लिहावी आणि राखीव नेमनोडने ती सतत वाचत राहावी, अशी ही योजना होती. परंतु तीत दोन दोष संभवत. एक, साठ्याचे उपकरणच निकामी झाले तर मूळ दौर्बल्य केवळ स्थलांतरित होई. दुसरा दोष अधिक गंभीर होता. संपर्क तुटल्यास दोन्ही नेमनोड स्वतःस सक्रिय समजून एकाच नोंदवहीत लिहू लागण्याचा धोका असे. म्हणून जुन्या नेमनोडची प्रक्रिया थांबविणे किंवा त्याचा वीजपुरवठा तोडणे, असे निर्बंध अनिवार्य ठरले.

यावरील तत्त्व नवे नव्हते. गिफर्ड यांनी १९७९ सालीच मतांच्या गणनेवर आधारलेली प्रतिव्यवस्था मांडली होती. १९८० च्या दशकातील व्हॅक्सक्लस्टरमध्येही सामायिक डिस्कांच्या जोडीला मतांची गणपूर्ती आवश्यक असे. हडूपमध्ये हा विचार २०१३ च्या आरंभीच्या आवृत्तीत बहुमताधिष्ठित नोंदव्यवस्थेच्या रूपाने आला. तीत किमान तीन नोंदयंत्रे असतात व बहुसंख्यांनी स्वीकारलेली नोंदच ग्राह्य ठरते. तीनांपैकी एक, पाचांपैकी दोन यंत्रे गेली तरी कार्य चालते. शिवाय प्रत्येक नव्या लेखकास चढता कालांक मिळतो. त्याहून लहान कालांकाच्या लेखकाची नोंद ही यंत्रे नाकारतात. जुना नेमनोड वाचकांस शिळी माहिती देऊ शकतो, म्हणून निर्बंध योजणे त्यानंतरही इष्टच राहिले. परंतु नोंदवहीची शुद्धता त्यांवर अवलंबून उरली नाही.

यावरून असे म्हणावयास हरकत नाही की, येथील खरा प्रश्न नोंदवही कोठे ठेवावी एवढाच नव्हता. तीत लिहिण्याचा अधिकार कोणाचा, हे कोणी ठरवावे, हाही होता. सामायिक साठ्याने पहिल्याचे उत्तर दिले. दुसऱ्याचे उत्तर बहुमताने दिले.