चिमुकल्या विमानावरची वर्तुळे

गंजिफा म्हणजे काय, हे सावंतवाडीकराला सांगावे लागत नाही. दशावतारी गंजिफेची पाने एकशेवीस, आणि सारी वाटोळी. दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शापर्यंतची दहा पाने. मासा दिसला की मत्स्य, कासव दिसले की कूर्म. ज्याला चिन्ह ओळखता येत नाही त्याच्या हाती राजा आला, तरी तो कोणाचा राजा हे त्याला उमगावयाचे नाही.

लढाऊ विमानांचेही असेच आहे. आभाळात विमान दिसते. ते आपले की परक्याचे, हे सांगते ती त्याच्या पंखांवरची आणि अंगावरची खूण. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी, १९१४ साली, इंग्रजांनी विमानांवर आपला झेंडा रंगविला. पण लांबून त्यातला क्रूस तेवढा नजरेत भरे, आणि क्रूस तर जर्मनांचीही खूण! मग त्यांनी फ्रेंचांची वर्तुळे उचलली आणि रंगांचा क्रम तेवढा उलटा केला : बाहेर निळे, मध्ये पांढरे, आत तांबडे.

१९३२ साली स्थापन झालेल्या भारतीय वायुदलाच्या विमानांवर हीच वर्तुळे होती. पुढे जपानशी युद्ध जुंपले. जपानी विमानावर तांबडा सूर्यगोल असे, तेव्हा घाईगर्दीत आपल्याच माणसाने आपल्यावर गोळी झाडू नये म्हणून पूर्वेकडील आघाडीवरच्या विमानांचा तांबडा ठिपका पुसण्यात आला. स्वातंत्र्यानंतर काही काळ अशोकचक्र आले, आणि १९५० साली प्रजासत्ताकाबरोबर आजची वर्तुळे आली : आत केशरी, मध्ये पांढरे, बाहेर हिरवे. अठरा वर्षांत चार खुणा! गुलामी, युद्ध, स्वातंत्र्य आणि प्रजासत्ताक असा सारा प्रवास पंखावरच्या त्या हातभर गोलात वाचता येतो.

हे सारे मला आठवण्याचे कारण एक छंद आहे. पुष्कळ हौशी माणसे प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून विमानांच्या प्रतिकृती करतात. त्यांतले एक लाडके माप बहात्तराव्या हिश्शाचे, म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट ते इथे एक इंच. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने ओळखण्याचे शिक्षण देण्यासाठी याच मापाच्या प्रतिकृती वापरीत. या मापात तीन फुटांचे वर्तुळ अर्ध्या इंचाचे होते. तेवढ्या जागेत अशोकचक्राचे चोवीस आरे कुंचल्याने कोण काढणार? म्हणून खोक्यात छापील चित्रे येतात. त्यांना डेकल म्हणतात. कागदावर विरघळणारा डिंक, त्यावर पारदर्शक पापुद्रा आणि पापुद्र्यावर छपाई. चित्र कापून क्षणभर कोमट पाण्यात धरायचे, कागद सुटा झाला की बोटाने हळूच सरकवून विमानावर बसवायचे. विमानाचा रंग खरखरीत असला तर खाली हवा अडकते आणि पापुद्रा चंदेरी चमकतो, म्हणून आधी गुळगुळीत वार्निशाचा हात द्यावा लागतो. केशरी रंगाखाली पांढऱ्याचा थर नसेल तर तो करड्या विमानावर मळकट उतरतो.

पण खरी अडचण निराळी. खोके बनविणारी मोठी कंपनी ज्याला गिऱ्हाईक अधिक, त्याच देशाची चित्रे बहुधा आत घालते. विमान आपल्या लोकांनी उडविलेले असले तरी खोक्यातून निघतात ती परक्यांची वर्तुळे. ही उणीव भरून काढतात ते छोटे छापणारे. ते विमान बनवीत नाहीत. नुसती डेकलची पत्रके छापून वेगळी विकतात. त्यासाठी जुनी छायाचित्रे धुंडाळतात, शेपटीवरचा क्रमांक जुळवितात, स्क्वाड्रनचे चिन्ह कोणत्या बाजूला होते याचा शोध घेतात. काळ्या-पांढऱ्या छायाचित्रात तांबडे कोणते आणि केशरी कोणते, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी साल ठाऊक असावे लागते. इतिहासकार याहून निराळे काय करतो?

आमच्या शेजारच्या गोव्यातलेच उदाहरण घ्या. १८ डिसेंबर १९६१ रोजी पुण्याहून गेलेल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. गोवा मुक्त झाला, आणि तीच दाबोळी पुढे आपल्या नौदलाच्या विमानांचे घर झाली. तिथल्या ‘तीनशे’ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची खूण पांढरा वाघ, आणि त्यांचे विमान सी हॉक. मूळची ही विमाने विलायती. काही आधी इंग्रजांच्या नौदलात होती, तर पुढे काही पश्चिम जर्मनीच्या नौदलाकडून घेतली. म्हणजे काहींच्या अंगावर पूर्वी काळा क्रूस होता! ४ डिसेंबर १९७१ रोजी ‘विक्रांत’वरून उडून याच सी हॉकांनी कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले चढविले. १९८३ साली त्यांची जागा घ्यायला सी हॅरिअर आली. ‘विक्रांत’ तर २०१४ साली भंगारात गेली. बोगमाळ्याच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक अजून उभे आहे; ते मुलांना अवश्य दाखवावे.

आता कोणी प्रतिकृतीचे खोके आणून त्यातली इंग्रजी वर्तुळेच डकविली, तर ते सी हॉकच राहील, एकही खिळा चुकलेला नसेल. पण ते चितगावावर गेलेले सी हॉक असणार नाही. त्या दिवशी आत बसलेल्या वैमानिकाला त्या विमानात जागाच उरणार नाही. केसाहून पातळ असा तो पापुद्रा, पण विमान कोणाचे हे तोच सांगतो.

दिवाळीत मुले मातीचा किल्ला करतात. मावळे मांडून होतात, अळीव उगवतो, पण बुरुजावर भगवा लागल्याखेरीज तो किल्ला महाराजांचा होत नाही. मुलांना हे कोणी शिकवीत नाही, त्यांना ते आपोआप कळते. मोठेपणी कोणी टेबलावर वाकून, श्वास रोखून, अर्ध्या इंचाचे केशरी-पांढरे-हिरवे वर्तुळ पंखावर सरकवीत असेल, तर त्याला पोरखेळ म्हणू नये. परक्यांनी खोक्यात घातले नाही ते आपल्या इतिहासाचे एक पान तो जागच्या जागी लावतो आहे.