दम

मळवली स्टेशनावर उतरून भाजे गावातून लोहगडाकडे निघालं की पहिल्याच चढाला कुणीतरी म्हणतं, ‘थांबा, दम खाऊ द्या.’ हा ‘दम’ फारसीतून आला. तिथे अर्थ साधा, श्वास. मराठीने मात्र तो खाल्ला, धरला, दिला, आणि ‘दमा’ही त्याच घरचा. संस्कृतातला ‘शम-दम’मधला दम वेगळा, तो संयमाचा. ‘श्वसन’ हा शब्द ‘श्वस्’ धातूचा. ‘विश्वास’ आणि ‘आश्वासन’ ही त्याचीच भावंडं.

पण खरं श्वसन छातीत नव्हे, पेशीत चालतं. ग्लुकोजचा रेणू आधी पेशीद्रवात ऑक्सिजनविना फुटतो. पुढचं काम पेशीतल्याच तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात. हिशेब असा: एका ग्लुकोजला सहा रेणू ऑक्सिजन लागतो, सहा कार्बन डायऑक्साइड, सहा पाणी सुटतं. मिळालेली ऊर्जा एटीपी या रेणूच्या सुट्या नाण्यांत साठते. जळणच हे, फक्त ज्वाळेविना, टप्प्याटप्प्याने. चढावर स्नायूंची मागणी वाढते, म्हणून आपण धापा टाकतो.

श्वासाचा अभ्यास जवळच्या लोणावळ्यातही झाला: स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली तिथे कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापून प्राणायाम प्रयोगशाळेत तपासायला घेतला. तुम्ही मात्र लोहगडाच्या गणेश दरवाजापाशी खुशाल दम खा. तंतुकणिका तेवढ्यातही थांबणार नाहीत.