दुकान आपलं, पण शहर कोणाचं?

 इतिहासाच्या सदरात आज विषय आहे धंदा आणि नगरपालिका.

तुमच्यापैकी कितीतरी जण इथं नोकरी सांभाळून काही ना काही करत असतात. कोणी घरून डबे देतं, कोणी दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेतं, कोणी कथकचे क्लास चालवतं, कोणी आयटी सल्ल्याची स्वतःची कंपनी काढलेली असते. धंदा म्हटलं की आपल्याला आधी आठवतं ते केव्हीके, तिथली नोंदणी आणि मग बीटीडब्ल्यूचा हिशेब. पण राहत्या घरातून खाण्याचे पदार्थ विकता येतील का, दुकानाबाहेर चार खुर्च्या टाकता येतील का, रविवारी शटर उघडायचं की नाही, हे बहुतेक वेळा ठरतं आपल्या खेमेंतेत, म्हणजे नगरपालिकेत. आणि ते ठरवणारी माणसं कोण, हा प्रश्न या देशात चारशे वर्षांचा आहे.

चला, ॲमस्टरडॅमच्या दाम चौकात जाऊ. पाहुणे आले की आपण त्यांना तिथला राजवाडा दाखवतो. पण ही इमारत राजासाठी बांधलेलीच नव्हती. १६५५ मध्ये ती उघडली तेव्हा ते शहराचं सभागृह होतं, टाउन हॉल. राजवाडा झाला तो १८०८ मध्ये, नेपोलियनच्या भावाच्या काळात. आणि या टाउन हॉलमध्येच शहराची स्वतःची बँक होती. तिचं नाव विसेलबँक.

ही बँक नगरपालिकेनं १६०९ मध्ये काढली. कारण अगदी व्यापाऱ्याचं होतं. बाजारात तऱ्हतऱ्हेची नाणी फिरत होती. काही झिजलेली, काही कडा कापलेली. कोणत्या नाण्याची खरी किंमत किती, यावरच निम्मा वेळ जायचा. नगरपालिकेनं नियम केला की ६०० गिल्डर किंवा त्याहून मोठी हुंडी या बँकेतूनच चुकती करायची. त्यामुळे प्रत्येक मोठ्या व्यापाऱ्याला तिथं खातं उघडावं लागलं. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नुसत्या नोंदीनं जाऊ लागले. विश्वास इतका वाढला की बँकेतल्या पैशाला रोख नाण्यापेक्षा जास्त भाव मिळू लागला. एका नगरपालिकेनं अख्ख्या युरोपच्या व्यापाराला आधार दिला, असं म्हटलं तरी चालेल.

आता ही नगरपालिका चालवत कोण होतं? छत्तीस माणसं. त्यांच्या मंडळाला व्रूडस्खाप म्हणत. एकदा आत गेलेला माणूस शक्यतो मरेपर्यंत आत. जागा रिकामी झाली की उरलेलेच नवा माणूस निवडणार. बहुतेक जण श्रीमंत व्यापारी घराण्यांतले आणि एकमेकांचे सोयरे. मतदान नावाची भानगडच नव्हती.

बाकीच्या लोकांसाठी होतं 'पोर्टर'पण. हा पोर्टर म्हणजे स्टेशनवरचा हमाल नव्हे बरं का. पोर्टर म्हणजे शहराचा नागरिक. तुम्हाला दुकान काढायचं असेल, सुतार, शिंपी, बेकर म्हणून काम करायचं असेल, तर आधी शहराचं नागरिकत्व हवं, मग त्या त्या धंद्याच्या गिल्डमध्ये प्रवेश. बाहेरून आलेल्याला हे नागरिकत्व विकत घ्यावं लागे. सतराव्या शतकाच्या मध्याला त्याची किंमत ५० गिल्डर झाली होती. साध्या कामगाराला ही रक्कम फार मोठी होती.

पैसे भरूनही सगळ्यांना सारखं मिळत नव्हतं. पोर्तुगाल-स्पेनमधून छळामुळे पळून आलेले ज्यू व्यापारी ॲमस्टरडॅमला हवे होते, कारण त्यांच्याकडे पैसा होता आणि दूरदूरच्या बंदरांत ओळखी होत्या. पण १६३२ मध्ये नगरपालिकेनं ठरवलं की ज्यूंनी नागरिकत्व विकत घ्यावं, मात्र नागरिकांसाठी राखलेल्या दुकानदारीत आणि गिल्डच्या धंद्यांत शिरू नये. आणि त्यांचं नागरिकत्व मुलांना वारशानं मिळणार नाही. म्हणून ज्यू कुटुंबं वळली ती गिल्ड नसलेल्या कामांकडे. हिऱ्यांना पैलू पाडण्याचा ॲमस्टरडॅमचा प्रसिद्ध धंदा त्यांच्या हातात गेला, याचं हे एक मोठं कारण. धंद्याची वाट त्यांनी निवडली नव्हती. दुसऱ्यांनी बंद केलेल्या दारांमुळे ती ठरली होती. समान हक्क मिळायला १७९६ साल उजाडलं.

तुम्ही म्हणाल, छत्तीस माणसांनी शहर चांगलं चालवलं ना? मग मताचं काय एवढं? त्यासाठी त्या बँकेचा शेवट ऐकायला हवा.

ही बँक ठेवी सांभाळेल, त्या कर्जाऊ देणार नाही, अशी लोकांची समजूत होती. ॲडम स्मिथनं १७७६ च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलंय की बँकेतल्या प्रत्येक गिल्डरमागे तिजोरीत खरी चांदी किंवा सोनं आहे, यावर ॲमस्टरडॅममध्ये सर्वांचा ठाम भरवसा आहे. पण शहराचे कारभारी आतून ईस्ट इंडिया कंपनीला कर्ज देत होते. हीच ती डच कंपनी, जिची वखार आपल्या वेंगुर्ल्याला होती आणि जिचे अवशेष आजही तिथं उभे आहेत. १७८० ते १७८४ च्या इंग्रजांबरोबरच्या युद्धात कंपनीची जहाजं आणि माल गेला, कंपनी कर्जात बुडाली, तरी बँकेतून पैसा जातच राहिला. कंपनीचे संचालक आणि शहराचे कारभारी एकाच वर्तुळातले. विचारणार कोण? हिशेब लोकांसमोर मांडायची सक्तीच नव्हती. १७९० मध्ये गुपित फुटलं आणि बँकेच्या पैशाचा भाव कोसळला. कंपनी १७९९ च्या अखेरीस गुंडाळली गेली आणि बँक १८१९ मध्ये बंद झाली. ज्यांनी विश्वासानं पैसे ठेवले होते, त्यांना त्या सभागृहात तोंड उघडायची सोयच नव्हती.

पुढे १८५१ मध्ये टोरबेकेनं नगरपालिका कायदा आणला आणि नगरसेवक थेट निवडून येऊ लागले. तरी मत होतं ते फक्त ठरावीक कर भरणाऱ्या पुरुषांना. सर्व पुरुषांना मत मिळालं १९१७ मध्ये, बायकांना १९१९ मध्ये.

त्या मधल्या काळात आपल्या पुण्यात काय चाललं होतं? जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते. सरकारनं नेमलेले, निवडून आलेले नव्हेत. आपण त्यांना समाजसुधारक म्हणून ओळखतो, पण ते बांधकामाची कंत्राटं घेणारे व्यावसायिकही होते. पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, हे त्यांना चांगलं कळत होतं. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागताला हजार रुपये खर्च करायचा ठराव आला तेव्हा त्यांनी विरोध केला. हा पैसा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. शहरात मोठी मंडई बांधायच्या खर्चालाही त्यांचा विरोध होता, कारण तेच. मंडई बांधली गेलीच. आज तिचं नाव महात्मा फुले मंडई. पण सभागृहात विचारणारा एक तरी माणूस होता. ॲमस्टरडॅमच्या बँकेला तोच मिळाला नव्हता.

आता आपल्याकडे येऊ. १९६० च्या दशकापासून तुर्कस्तान, मोरोक्कोहून कामगार आले. त्यांनी इथं कर भरला, पुढे खाटीकखाने, बेकऱ्या, किराणा दुकानं काढली, पण शहराच्या कारभारात त्यांना मत नव्हतं. १९८३ च्या नव्या राज्यघटनेनं ते दार उघडलं, आणि मार्च १९८६ च्या नगरपालिका निवडणुकीत परदेशी नागरिकांनी पहिल्यांदा मतदान केलं. नियम आजही तोच आहे. युरोपीय संघाबाहेरचा पासपोर्ट असला तरी सलग पाच वर्षं कायदेशीर वास्तव्य झालं, वय अठरा पूर्ण असलं, की नगरपालिकेला मत देता येतं. निवडणुकीला उभंही राहता येतं. संसदेसाठी मात्र डच नागरिकत्वच लागतं.

आपल्यातल्या अनेकांनी भारतीय पासपोर्ट सोडलेला नाही. आईवडील तिकडे आहेत, गावी घर आहे, मन होत नाही. त्यामुळे पुष्कळांचा समज असतो की इथलं राजकारण आपलं नव्हे. म्हणून स्टेमपास, म्हणजे मतदानाचं पत्र, घरी येतं आणि जाहिरातींच्या गठ्ठ्यात टाकलं जातं. त्यासाठी अर्जही करावा लागत नाही. पत्ता नगरपालिकेत नोंदलेला असला की ते आपोआप येतं.

त्या पत्राची किंमत धंदेवाल्याला विचारा. रविवारी दुकानं उघडी ठेवायची का, हे २०१३ पासून प्रत्येक नगरपालिका स्वतः ठरवते. ॲमस्टरडॅमनं २०१७ मध्ये शहराच्या मध्यभागी पर्यटकांसाठीच्या नव्या दुकानांना बंदी केली. नुकत्याच उघडलेल्या एका चीजच्या दुकानाला त्याचा फटका बसला. प्रकरण रात फान स्टाटपर्यंत गेलं आणि २०१८ मध्ये निकाल नगरपालिकेच्या बाजूनं लागला. गर्दीला कंटाळलेले रहिवासी खूश झाले, दुकानदार हरले. बरोबर कोण, यावर तुमच्या घरात दोन मतं असतील. असू द्या. पण २०२२ च्या नगरपालिका निवडणुकीत देशभरात जेमतेम निम्म्या मतदारांनी मतदान केलं. जे घरी बसले, त्यांच्या वतीनं दुसऱ्यांनी ठरवलं.

तेव्हा पुढच्या वेळी दाम चौकात पाहुण्यांचे फोटो काढताना त्यांना त्या छत्तीस माणसांची आणि बँकेची गोष्ट सांगा. आणि घरी आल्यावर एक हिशेब करा, इथं राहायला येऊन आपल्याला पाच वर्षं झाली का? झाली असतील, तर पुढचा स्टेमपास रद्दीत टाकू नका.