'आपल्यात' कोण येते? : प्रतिभा परमार यांच्या निमित्ताने

तिसऱ्या वर्षाच्या वर्गात दलित पँथरचा १९७३ चा जाहीरनामा शिकवत होतो. 'दलित' म्हणजे कोण, याचे त्यातले उत्तर आपल्या वाचकांना पाठ आहे : अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कष्टकरी, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया, राजकीय, आर्थिक आणि धर्माच्या नावाने पिळले जाणारे सगळे. एक विद्यार्थी उभा राहिला. म्हणाला, "सर, यात समलिंगी माणूस कुठे बसतो?" वर्ग हसला. मीही "तो विषय वेगळा" म्हणून पुढे गेलो. घरातला पहिला पदवीधर म्हणून वर्गातल्या हसण्याची धग मी सोसलेली आहे. तरीही मी हे केले. त्या टोचणीतून प्रतिभा परमार या समलिंगी लेखिकेच्या आणि चित्रपटकर्तीच्या कामाकडे वळलो.

परमार यांचा जन्म १९५५ साली नैरोबीत, भारतीय कुटुंबात झाला. केनिया १९६३ साली स्वतंत्र झाल्यावर तिथल्या भारतीयांच्या नागरिकत्वाचा आणि धंद्यांचा प्रश्न उभा राहिला. १९६७ मध्ये हे कुटुंब इंग्लंडला गेले. पुढच्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने घाईघाईने कायदा करून, ब्रिटिश पासपोर्ट बाळगणाऱ्या केनियातल्या आशियायींवर दार लोटले. पासपोर्ट एकच, पण गोऱ्याच्या हातात त्याची किंमत निराळी, काळ्याच्या हातात निराळी! ज्याने गावात दोन पाणवठे पाहिले आहेत, त्याला हा कायदा समजावून सांगावा लागत नाही.

त्या काळात ब्रिटनमधल्या चळवळींनी 'ब्लॅक' हा शब्द राजकीय नाव म्हणून उचलला. कातडीचा रंग हा त्याचा खरा अर्थ नव्हता. पंजाबी कामगार आणि जमैकाची परिचारिका, दोघेही त्यात येत. आपण 'हरिजन' झिडकारून 'दलित' घेतले, त्याच्याशी या कृतीचे नाते उघड आहे. १९७६ ते १९७८ या काळात लंडनच्या ग्रनविक फोटो-धुलाई कारखान्यात जयाबेन देसाई यांच्या नेतृत्वाखाली संप झाला. त्यात पूर्व आफ्रिकेतून आलेल्या, साडी नेसणाऱ्या बायका पुढे होत्या. संप हरला, पण आशियाई बाई मुकाट सोसते ही समजूत मोडली.

परमार यांची लेखणी या वातावरणात घडली. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या सांस्कृतिक अभ्यास केंद्रातून १९८२ साली निघालेल्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' या ग्रंथात आशियाई स्त्रियांच्या प्रतिकारावर त्यांचे प्रकरण आहे. १९८४ मध्ये व्हॅलरी एमॉस यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी गोऱ्या स्त्रीवादाला सरळ साम्राज्यवादी म्हटले. गोरी स्त्रीवादी म्हणे, कुटुंब हा तुरुंग. या दोघींनी उत्तर दिले की, ज्यांची कुटुंबे इमिग्रेशनचा कायदा तोडतो त्यांच्यासाठी कुटुंब हा वंशद्वेषापुढचा आडोसाही असतो. आपल्या वस्तीतल्या बायकांना यात नवे काही वाटणार नाही.

पण आडोसा कोणाला? या प्रश्नापाशी परमार यांचे खरे मोठेपण दिसते, कारण गोऱ्यांना जाब विचारणारी ही बाई मग आपल्या माणसांकडे वळली. १९८८ च्या 'सारी रेड' या लघुपटात वंशद्वेषी हल्ल्यात मारल्या गेलेल्या एका तरुण भारतीय स्त्रीची आठवण आहे. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये समलिंगी जीवनाचा 'प्रचार' करण्यास स्थानिक संस्थांना मनाई करणारे कलम आले. १९९१ मध्ये चॅनल फोरसाठी त्यांनी 'खुश' केला. त्यात ब्रिटन, उत्तर अमेरिका आणि भारतातले दक्षिण आशियाई समलिंगी स्त्री-पुरुष स्वतःच्या तोंडाने बोलतात. घर हवे आहे आणि घरात जागा नाही! १९८४ चा निबंध जिथे थांबला होता, त्याची ही दुसरी बाजू त्यांना स्वतःलाच मांडावी लागली. इंग्रजांनी १८६० च्या दंडविधानात घातलेले ३७७ कलम तेव्हा भारतात लागू होते; संमतीने संबंध ठेवणाऱ्या प्रौढांना त्यातून सोडवायला २०१८ साल उजाडावे लागले.

त्यांच्या १९९० च्या 'फ्लेश अँड पेपर'शी माझे भांडण झाले. तो कवयित्री सुनीती नामजोशी यांच्यावर आहे. नामजोशी मुंबईत जन्मलेल्या, फलटणच्या राजघराण्याची नात, काही काळ आय.ए.एस. अधिकारी. माझे आजोबा सातारा जिल्ह्यातल्याच एका गावात महारकी करत. वाड्यातले दुःख ऐकून घ्यायला मन तयार होईना. मग कळले की नामजोशींनी २००० साली 'गोजा' नावाचे पुस्तक लिहिले, आणि त्यात राणीसाहेब आजी आणि घरातली मोलकरीण गोजा या दोघींना शेजारी उभे केले. परदेशात त्या समलिंगी म्हणून परक्या, इकडे मालकांच्या घरातल्या; या दोन्ही गोष्टी त्या लपवत नाहीत. तरी हिशेब पुरा झाला असे मी म्हणणार नाही. गोजा बोलते ती मालकिणीच्या नातीच्या लेखणीतून.

'ए प्लेस ऑफ रेज' (१९९१) मध्ये अँजेला डेव्हिस आणि कवयित्री जून जॉर्डन आहेत. पँथरच्या वारशावर बोलणाऱ्यांनी तो अवश्य पाहावा. १९९३ साली अॅलिस वॉकर यांच्याबरोबर केलेल्या, आफ्रिकेतल्या मुलींच्या जननेंद्रिय-छेदनाविरुद्धच्या 'वॉरियर मार्क्स'वर मात्र टीका झाली की, ही नजर बाहेरून आलेल्या उद्धारकाची आहे. म्हणजे १९८४ मधला त्यांचाच आरोप त्यांच्यावर उलटला! मला ही टीका बरीचशी रास्त वाटते. परंतु त्यामुळे त्यांचे आधीचे प्रश्न खोटे ठरत नाहीत. पुढे त्यांनी 'नीनाज हेवनली डिलाइट्स' (२००६) हा कथापट केला. वॉकर यांच्यावर २०१३ साली आणि अँड्रिया ड्वॉर्किन यांच्यावर २०२२ साली चित्रपट केले.

यंदा जाहीरनामा शिकवून झाला की त्याच वर्गात 'खुश' दाखवायचे ठरवले आहे. जेमतेम पंचवीस मिनिटांचा आहे, एका तासात बसतो आणि चर्चेला वेळही उरतो. एक-दोन सहकाऱ्यांनी "आधी आपले प्रश्न सुटू द्या" असे सुचवून पाहिले. त्यांना मी पँथरची व्याख्या पुन्हा वाचायला दिली. ज्याने प्रश्न विचारला होता तो विद्यार्थी मात्र पास होऊन गेला. त्या दिवसानंतर माझ्या तासाला त्याने कधी हात वर केला नव्हता.