दमणची धावपट्टी: ‘सागरापार’ म्हणजे नक्की कुठून?

बोईसरहून गाडीने वापीला उतरा, तिथून दमण अगदी जवळ. तिथला विमानतळ १९६१ पर्यंत पोर्तुगालचा होता. १९५१ साली पोर्तुगालने घटना बदलून वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ म्हटलं. पालघरवाल्यांचं शेजारचं गाव कागदावर सागरापार! दस्तऐवजात असा शब्द दिसला, की आधी विचारा: कुठून पाहिलं तर?

आता विमानं का लागली ते बघा. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाले. (आपले सुधीर फडके त्या लढ्यात होते.) मग भारताने दमणहून तिकडे जायची वाट रोखली. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १९६० चा निकाल मजेशीर आहे, मुळातून वाचाच: साध्या नागरिकांना वाट, पण सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळ्याला नाही. दरम्यान १९५५ मध्ये गोवा, दमण, दीव जोडायला सरकारी विमानसेवा निघाली, तीच कराचीलाही जायची. कोंडलेल्या दमणचा श्वास या धावपट्टीवर होता म्हणा ना.

म्हणूनच १८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन निघाली, तेव्हा सुरुवातीलाच तिच्या एका तुकडीने विमानतळाचा नियंत्रण मनोरा गाठायचा होता. वरून हवाई दलाची मिस्टेर विमानं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली.

आज तिथून तटरक्षक दलाची विमानं उडतात.